टेकडीवर वेगळं भूछत्र दिसलं तर: उपटायच्या आधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

पाऊस लागला की मोबाइलवर फोटो यायला लागतात, पुणे परिसरातली वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाची पायवाट, ताम्हिणी, आणि फोटो जवळपास सगळे एकाच प्रकारचे. उपटलेली छत्री तळहातावर, वरून काढलेला एकच फोटो, आणि सोबत प्रश्न, "हे कुठलं मशरूम? खातात का?" या फोटोवरून प्रामाणिकपणे काहीच सांगता येत नाही, कारण ओळख पटवणाऱ्या बहुतेक गोष्टी छत्रीच्या खालच्या बाजूला, दांड्याच्या बुडाशी आणि ती ज्यावर उगवली होती त्या जागेत असतात, आणि उपटताना नेमक्या त्याच मागे राहतात. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी बघणं, मग फोटो, मग हात लावणं (तेही जिथे चालतं तिथेच), आणि नाव सगळ्यात शेवटी.

१. कधी आणि कुठे जायचं

पहिली सर पडली की लगेच पळू नका. वरची माती ओली होऊन उपयोग नसतो, जमीन आणि पडलेलं लाकूड आतपर्यंत भिजावं लागतं. चार-पाच दिवस चांगला पाऊस आणि मग एखाद-दोन दिवसाची उघडीप, हे सगळ्यात भारी कॉम्बिनेशन. पुण्यात साधारण जूनच्या शेवटापासून ते दिवस यायला लागतात. वाळवीच्या वारुळावर येणारी अळंबी मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये. लाकडावरची कडक, फळीसारखी बुरशी मात्र वर्षभर दिसते, ती बघायला पावसाची वाट बघायची गरज नाही.

शहरात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि ताम्हिणीत काही हजार मिमी, त्यामुळे दोन्हीकडे दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. नवीन असाल तर माझं स्पष्ट मत, ताम्हिणीपासून सुरू करू नका. शहरातल्या टेकड्या, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डनमधली जुनी झाडं, आपल्या सोसायटीचं लॉन, इथे पुन्हा पुन्हा जाता येतं आणि एकच छत्री आज कशी होती, उद्या कशी झाली हे बघता येतं. शिकायला हे फार लागतं. टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड भरपूर आहे आणि त्याच्या वाळून पडलेल्या फांद्या म्हणजे लाकडावरच्या बुरशीचं आयतं घर.

वेळ सकाळची. शेणावर आणि कुजलेल्या गवतावर येणाऱ्या नाजूक छत्र्या ऊन चढलं की काही तासांत विरघळून काळ्या होतात. जाळीचा झगा असलेली फॅलस ही बुरशी साधारणपणे पहाटे-सकाळी उघडते आणि एका दिवसात आडवी होते. दुपारी जेवून निघालात तर चिखल तेवढा दिसेल. शनिवार-रविवारी सिंहगड आणि ताम्हिणीच्या रस्त्याला जी गर्दी असते त्यात थांबून खाली वाकून बघणं शक्यच नसतं, तेव्हा आडवार बघा.

इशारा: ताम्हिणी आणि भीमाशंकर ही दोन्ही अभयारण्यं आहेत, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथून काहीही उपटायचं नाही, उचलायचं नाही, खिशात टाकायचं नाही. वनखात्याच्या ताब्यातल्या टेकड्यांवरही हाच नियम धरून चाला. फोटो आणि नोंद एवढंच घेऊन यायचं.

२. सामान, पण थोडंच

लोक महागडा कॅमेरा नाही म्हणून अडून बसतात, त्याची अजिबात गरज नाही. हे मात्र हवंच:

- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, सोनार वापरतात ते
- छोटा आरसा, म्हणजे छत्री न उपटता खालची बाजू दिसते. डेंटिस्टकडे असतो तसा लांब दांड्याचा मिळाला तर उत्तम
- १० रुपयांचं नाणं. ते २७ मिमी व्यासाचं असतं, त्यामुळे फोटोत मापाला चालतं
- टॉर्च, कारण ढगाळ दिवशी झाडीखाली आठ वाजतासुद्धा अंधारच असतो
- छोटी वही आणि पेन्सिल, पेनची शाई पावसात पसरते
- मोबाइलसाठी झिपची पिशवी आणि कोरडा सुती रुमाल

बूट घोटा झाकणारे आणि पँट फुल. ताम्हिणी-भीमाशंकरकडे जळवा असतात, त्या त्रासदायक पण धोकादायक नाहीत. खरी काळजी घ्यायची ती सापाची. फुरसं आणि घोणस टेकड्यांवर आहेत, घाटात हिरवा चापडा फांदीवर बसलेला असतो, आणि आपण जिथे वाकून हात घालणार ती जागा, म्हणजे पालापाचोळा, ओंडक्याखालची फट, दगडाची कपार, त्यांचीही तीच आवडती. आधी काठीने पाला हलवायचा, टॉर्च मारायचा, मग गुडघा टेकायचा. ओंडका उलटा करायची सवय असेल तर सोडा. त्याच्याखाली राहणाऱ्यांचं घर मोडतं आणि तुमच्या हाताचंही काही खरं नसतं.

३. चालायचं कसं, नजर कुठे टाकायची

ग्रुप ट्रेकबरोबर जाऊन हे जमत नाही, पुढचा माणूस थांबत नाही आणि मागचा ढकलतो. दोघं-तिघं पुरे. पाच-दहा पावलं चालायचं, थांबायचं, सगळीकडे बघायचं, परत पाच-दहा पावलं. नजर जमिनीवर खिळवून चालणारे लाकडावरचं सगळं चुकवतात, तेव्हा ठराविक जागा डोक्यात ठेवा आणि प्रत्येक थांब्यावर त्याच बघा: पडलेलं लाकूड, उभ्या झाडाचा जमिनीलगतचा भाग, वारुळाच्या आजूबाजूची माती, शेण, आणि पायवाटेच्या कडेचा ओला पाला. पाल्यातल्या काडीवरसुद्धा काहीतरी असतंच. घाटातल्या झाडीत पडलेल्या बारीक फांदीवर केशरी-गुलाबी पेले दिसतात, कडेला बारीक केसही असतात कधी, ते कुकीना. पेला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, चालत्या माणसाला तो पडलेलं फूलच वाटतो.

बारीक गोष्टींकडे बघा हे मी आग्रहाने सांगतो. मोठ्या छत्र्या सगळ्यांनाच दिसतात, पण खरंच वेगळ्या गोष्टी नखाएवढ्या असतात. सायथस ही बुरशी घ्या. कुजक्या काडीवर, कुंडीतल्या लाकडाच्या भुश्यावर, जुन्या शेणावर सेंटिमीटरभर उंचीचे तपकिरी पेले दाटीने उभे असतात. कोवळे असताना तोंडावर पांढरट पडदा, तो फाटला की आत दोन-दोन मिमीच्या चपट्या राखाडी गोळ्या, हुबेहूब पाखराच्या घरट्यातली अंडी. त्या गोळ्यांमध्ये बीजाणू असतात, म्हणजे बुरशीचं बारीक बी म्हणा. पावसाचा थेंब नेमका पेल्यात पडला की त्याच्या माऱ्याने गोळी बाहेर उडते, तिच्या मागे बारीक दोरी असते, ती गवताच्या पात्याला गुंडाळते आणि गोळी तिथे चिकटून बसते. भिंगातून बघितलं तर काही पेले रिकामे, काही अर्धे, काही अजून झाकलेले, सगळं एकाच काडीवर. म्हणून एक सापडला की शेजारचे दहा बघा, सगळ्या अवस्था तिथल्या तिथे मिळतात.

४. दिसली की हात मागे. आधी जागा वाचा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. छत्री दिसली की हात पुढे जातो. हात खिशात घाला आणि आधी या प्रश्नांची उत्तरं शोधा.

ती नक्की कशावर आहे? "जमिनीवर" हे उत्तर पुरेसं नाही. कधी ती मातीत दिसते पण खाली पुरलेलं लाकूड असतं, कधी वाळवीचं वारूळ, कधी झाडाचं मूळ. वारुळावर येणाऱ्या अळंबीचा, म्हणजे टर्मिटोमायसिसचा दांडा जमिनीखाली लांब मुळासारखा जातो आणि थेट वाळवीने वारुळात वाढवलेल्या बुरशीच्या बागेपर्यंत पोचतो. वाळवी तिला पाला-लाकूड पुरवते, बुरशी ते पचवून वाळवीला अन्न करून देते, दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. वरून ओढली की ते मूळ तुटतं आणि ओळखीची सगळ्यात मोठी खूण जमिनीत राहते.

लाकडावर असेल तर लाकूड जिवंत की मेलेलं? झाड ओळखता येतंय का? नाव नाही आलं तर पानाचा आणि सालीचा फोटो घ्या, पुढे कामाला येतो.

एकटी आहे, झुबक्यात आहे, की गोल रिंगणात? लॉनवर रिंगण असेल तर पूर्ण रिंगणाचा फोटो.

आजूबाजूला लहान-मोठ्या, कोवळ्या-जून किती आहेत? एकाच जातीची कोवळी छत्री बंद अंड्यासारखी आणि जून झालेली थाळीसारखी सपाट असू शकते, दोन वेगळ्या जाती समजून लोक दोन वेगळी नावं शोधत बसतात.

तपासा: ती बुरशी तरी आहे का? पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास फसवतात. पाल्यावर, भुश्यावर पिवळाधमक, ओकारी केल्यासारखा फेसाळ थर दिसला तर तो बहुधा स्लाइम मोल्ड. तो अमीबाच्या नात्यातला, बुरशीच्या नाही, आणि तो हळूहळू सरकतो. दुसऱ्या दिवशी परत जा, जागा किंवा रूप बदललेलं असेल, कोरडी पापडी झालेली असेल. दुसरं म्हणजे एजिनेशिया किंवा ख्रिस्टिसोनियासारख्या वनस्पती. हिरवं पान नाही, जमिनीतून थेट जांभळट-गुलाबी फूल वर आलेलं. या दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगतात. खालून आत डोकावलं की पुंकेसर दिसतात, बुरशीला ते नसतात.

५. खालची बाजू बघा, न उपटता

आरसा छत्रीखाली धरा, टॉर्च बाजूने मारा. काय दिसतं? पातळ उभे पडदे म्हणजे गिल्स, की बारीक भोकं, की काटे, की काहीच नाही, गुळगुळीत? या एका उत्तराने शक्यता एकदम कमी होतात. गिल्स असतील तर त्या दांड्याला चिकटल्यात, दांड्यावरून खाली उतरल्यात, की दांड्यापर्यंत पोचतच नाहीत आणि मध्ये गोल मोकळी जागा आहे? भिंगाने बघा, डोळ्याने हे चुकतं.

गिरिपुष्पाच्या सुक्या फांदीवर राखाडी-पांढरे, लोकरीसारखे छोटे पंखे दिसले तर एक फांदी वळवून खालून बघाच. प्रत्येक गिल लांबीत मधोमध चिरलेली दिसेल. ही शायझोफायलम कम्यून, अंटार्क्टिका सोडून जगात सगळीकडे सापडते. उन्हात वाळली की चिरलेल्या गिल्स आतल्या बाजूला वळतात आणि बंद होतात, पाऊस पडला की परत उघडून बीजाणू सोडायला लागतात. वाळलेल्या फांदीवर दोन घोट पाणी शिंपडा आणि थोडा वेळ थांबा, समोर बघता येतं. पुण्यात ही इतकी सर्रास आहे की शिकायला याच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

आरसा नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, मोबाइल पाठीवर जमिनीवर ठेवून छत्रीखाली सरकवा, टायमर लावा. लाकडावरच्या बुरशीसाठी ही युक्ती फारच कामाची आहे.

६. फोटो, याच क्रमाने

१. लांबून जागा. झाड, ओंडका, लॉन, जे असेल ते फ्रेममध्ये आलं पाहिजे.

२. बाजूने, मोबाइल जमिनीला टेकवून. टोपी आणि दांडा दोन्ही एका फोटोत. वरून काढलेला फोटो दिसायला छान असतो पण ओळखायला सगळ्यात कमी उपयोगाचा.

३. वरून. टोपीवर खवले आहेत का, मध्ये टोक आहे का, कडेला रेषा आहेत का. टर्मिटोमायसिसच्या टोपीला मध्ये कडक टोक असतं, माती फोडून वर यायला.

४. खालून.

५. दांडा जवळून. वलय आहे का, आणि असेल तर ते वरखाली सरकतं का.

६. बूड. पाला आणि वरची माती बोटाने हळूच बाजूला करा. बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण दिसतंय का हे बघायचं. अमानिता गटातल्या छत्र्यांना ते असतं आणि त्या गटात जिवावर बेतणाऱ्या जाती आहेत. उपटताना ती पिशवी मातीतच राहते, म्हणून उपटलेल्या छत्रीचा फोटो बघून "हिला पिशवी नाही" असं कोणी म्हणत असेल तर ते मोजू नका.

७. नाणं शेजारी ठेवून एक.

फ्लॅश बंद. फ्लॅशने ओल्या टोपीवर पांढरा डाग येतो आणि खरा रंग जातो. झूमही नको, स्वतः जवळ जा. स्क्रीनवर गिल्सच्या जागी बोट ठेवून फोकस लॉक करा आणि उजेड जरा कमी करा, पांढऱ्या छत्र्या नेहमी जास्त उजळ येऊन सगळे बारकावे पुसले जातात. ऊन असेल तर आपली पावसाची छत्री उघडून सावली करा. झाल्यावर तिथेच फोटो मोठे करून बघा, घरी येऊन धूसर निघाले तर परत त्याच अवस्थेत ती मिळणार नाही. सरकवलेला पाला परत जागेवर लावायचा, बुडाभोवतीची ओल उघडी पडली तर कोवळ्या छत्र्या सुकतात.

७. वास, रंग, स्पर्श

हात लावल्याने विष चढत नाही, ते पोटात गेल्यावरच बाधतं, तेव्हा उगाच घाबरू नका. पण नंतर हात धुवा आणि डोळ्याला-तोंडाला लावू नका.

जिथे परवानगी आहे, म्हणजे आपल्या सोसायटीत, ओळखीच्यांच्या शेतात, तिथे जून छत्रीची कड नखाने दाबा आणि थोडा वेळ बघा, रंग बदलतो का. तोडल्यावर दुधासारखा चीक येतो का. वास कसला येतो ते लगेच लिहा, वास विसरायला वेळ लागत नाही. फॅलसला सडक्या मांसासारखा वास असतो, तो माश्यांसाठी. माश्या वरच्या हिरवट-तपकिरी चिकट थरावर बसतात आणि बीजाणू पायाला लावून घेऊन जातात. कधीकधी झगा दिसायच्या आधी वासच येतो, तेव्हा नाक मुरडून पुढे न जाता आजूबाजूला शोधा.

चव घेऊन बघायची पद्धत कोणी सांगितली तर ऐकू नका.

८. नोंद तिथेच, उभ्या उभ्या

तारीख, वेळ, जागा, आदल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस, कशावर, किती, वास, रंग बदल. रंग लिहिताना "तपकिरी" एवढं पुरत नाही. चिंचेचा तपकिरी की गव्हाचा, असं आपल्या ओळखीचं लिहा.

मुळशी, वेल्हे, भीमाशंकरकडे गावातली माणसं भेटली तर त्यांच्याशी जरूर बोला, पण पहिला प्रश्न "खातात का" हा नको. "मामा, ही कशावर येते? दरवर्षी इथंच येते का? कुठल्या नक्षत्राला?" असं विचारलं की माणसं मोकळेपणाने सांगतात, आणि जे सांगतात ते सोनं असतं. त्यांना ती जागा, तो महिना, ते वारूळ पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. तेवढ्यावर आपण वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या टेकडीवर तशीच दिसणारी छत्री "तीच ती" म्हणून खाणं हा मोठा धोका आहे. आणि त्यांनी दाखवलेली अळंबीची जागा लोकेशनसकट टाकू नका, तो त्यांचा हंगाम आहे.

९. घरी: बीजाणूंचा ठसा

हे फक्त आपल्या आवारातल्या छत्रीचं. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. दांडा टोपीलगत कापायचा, टोपी गिल्स खाली करून अर्धी पांढऱ्यावर अर्धी काळ्यावर येईल अशी ठेवायची, टोपीवर पाण्याचा एक थेंब, वरून वाटी पालथी. रात्रभर हलवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं नाही. सकाळी टोपी सरळ वर उचला. पांढरे बीजाणू काळ्या कागदावरच दिसतात, नुसता पांढरा कागद घेऊन "ठसा आलाच नाही" म्हणणारे फार.

याचा उपयोग किती, ते लॉनवरच्या मोठ्या छत्रीवरून कळतं. जुलैमध्ये सोसायट्यांच्या लॉनवर, मैदानांवर थाळीएवढ्या पांढऱ्या टोप्या येतात, वर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारं वलय, गिल्स दांड्यापासून सुट्या. कोवळेपणी गिल्स पांढऱ्या, अगदी खाण्यासारखी दिसते, आणि दरवर्षी कोणीतरी खातं. सकाळी कागदावर ठसा मळकट हिरवा येतो. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, विषारी आहे, खाल्ल्यावर तासा-दोन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर असतो. वरून बघून गोंधळ होतो त्या दोघींचा फरक कागद एका रात्रीत दाखवतो.

इशारा: ठसा ओळख पक्की करायला मदत करतो, खायची परवानगी देत नाही. चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळी झाली नाही, किड्यांनी खाल्लीय, गाईने खाल्लीय, नीट शिजवलीय, यातली एकही खूण खरी नाही. अमानितामधलं घातक विष शिजवून जात नाही. त्याचा त्रास साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मग मध्ये बरं वाटतं, आणि त्याच काळात आत लिव्हर निकामी होत असतं. कोणी खाल्लं असेल तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, आणि उरलेली छत्री, शिजवलेली भाजीसुद्धा, डब्यात घालून सोबत न्या. लहान मुलं आणि कुत्री लॉनवर खेळत असतील तर तिथल्या छत्र्या हातमोजे घालून काढून टाका.

१०. जिवंत झाडावर असेल तर

गुलमोहराच्या बुंध्याशी चकचकीत, लाखेचं पॉलिश केल्यासारखी तांबूस फळी दिसते, वर कोको पावडरसारखी तपकिरी पूड. गॅनोडर्मा. ही पूड म्हणजे तिचेच बीजाणू. लोक ती फळी कोयत्याने खरवडून काढतात आणि झाड वाचलं असं समजतात. बाहेर दिसते ती नुसती बीजाणू सोडणारी फळी, बुरशी मुळात आणि खोडात आत पसरलेली असते. खरवडून खूण तेवढी नाहीशी होते आणि झाड पोकळ होत राहतं. रस्त्यावर किंवा पार्किंगवर झुकलेलं झाड असेल तर फोटोसकट महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. स्वतःहून तोडायचं नाही, १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

११. रात्री चमकणारी बुरशी

याबद्दल सगळेच विचारतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात ओलं कुजकं लाकूड रात्री फिकट हिरवं उजळतं, मायसिना गटातल्या बुरशीमुळे. कधी छत्री चमकते, कधी लाकडात पसरलेले बुरशीचे धागे, त्यामुळे दिवसा त्याच लाकडावर काही दिसेलच असं नाही. रात्री अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक गाइडशिवाय जायचं नाही. परवानगी मिळाली तर सगळे टॉर्च, मोबाइल स्क्रीन बंद करून पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावल्याशिवाय तो उजेड दिसतच नाही. एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून. व्हिडिओत दिसतो तसा झगमगाट प्रत्यक्षात नसतो, तो लांब एक्स्पोजरचा परिणाम. लाकडाचे तुकडे तोडून "घरी अंधारात बघू" हे कृपा करून करू नका, वाळलं की उजेड जातो आणि जंगलातून ते लाकूडही जातं.

१२. नाव आता शोधा

आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट आणि ॲप) सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, प्रत्येक फोटोची वेगळी नोंद नको. वर्णनात कशावर होती ते मराठीत लिहिलं तरी चालेल, पण लिहा. जागा नाजूक असेल तर लोकेशन धूसर ठेवायचा पर्याय आहे, तो वापरा. ॲप किंवा गुगल लेन्स जे नाव सुचवतं ते सुरुवात म्हणून घ्या, बऱ्याचदा ते परदेशातली जात दाखवतं कारण तिथले फोटो जास्त आहेत. जातीच्या वरचा गट, म्हणजे जीनस, कळला तरी पुष्कळ झालं. "गॅनोडर्मा, जात माहीत नाही" ही चांगली नोंद आहे, अंदाजाने ठोकलेल्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी चांगली.

खरंच काही वेगळं वाटलं, कुठेच जुळत नाही, मेलेल्या मुंगीतून किंवा अळीतून दांडा बाहेर आलाय असं काही, तर आपलं नशीब की आघारकर संशोधन संस्था पुण्यातच आहे. बुरशीचा राष्ट्रीय संवर्ध संग्रह (जिवंत बुरशी वाढवून जपतात तो) आणि बुरशीचे अभ्यासक अजरेकर यांच्या नावाचं बुरशीचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, तिथे आहे. आधी फोटो आणि नोंद पाठवून विचारा, नमुना उचलून थेट दारात जाऊ नका. त्यांनी मागितला आणि जागेच्या मालकाची परवानगी असेल तरच नमुना घ्या. बुडासकट, खालून सुरीने उचलून, कागदाच्या पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार तासांत त्याचा चिखल होतो. त्याच दिवशी देता येणार नसेल तर टेबल फॅनसमोर जाळीवर वाळवायचा, उन्हात नाही आणि तव्यावर तर नाहीच. कुडकुडीत वाळला की सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात, आणि आत चिठ्ठी: तारीख, जागा, कशावर होती, ताजी असतानाचा रंग आणि वास, फोटोंचे नंबर. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची.